पुस्तकांचंही नॉमिनेशन करा

(मराठी भाषा गौरव दिनानिमित्त २७ फेब्रुवारी २०२५ रोजी सोसायटीच्या सभागृहात केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिलं आहे. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



सचिवांनी मला सांगितलं, "काका, मराठीवर वीस मिनिटं बोला." मी म्हटलं, "अहो, मी बँकेतला माणूस. ३८ वर्षं लेजर आणि व्हाउचर पाहिली. मराठीच्या थोरवीवर मी काय बोलणार?" ते म्हणाले, "मग पुस्तकांवर बोला, तुमच्या घरी लई पुस्तकं आहेत म्हणतात." हे खरं आहे. म्हणजे, होती. गेल्या वर्षभरात मी ती आवरायला काढली. त्या आवरण्यातून मला जे कळलं, तेवढंच आज सांगतो.

गेल्या वर्षी ३ ऑक्टोबरला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण गच्चीवर पेढे वाटले. चांगलंच झालं. पण ही अभिजात भाषा आपल्या घरात राहते कुठे, हे कधी पाहिलंत का? ती माळ्यावर राहते, दिवाणाच्या पोटात राहते, पिठाच्या डब्यामागे राहते. फ्लॅटच्या नकाशात चपलांना जागा असते, देवाला असते, टीव्हीला तर अख्खी भिंत असते. पुस्तकांसाठी म्हणून भिंत कोणी मागत नाही आणि कोणी देत नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी दादरला 'राजगृह' बांधलं ते पुस्तकांची सोय डोळ्यांसमोर ठेवून. आपण काही बाबासाहेब नाही. दोन खोल्या आणि हॉल यात चार माणसं बसवायची, म्हणजे पुस्तकं वर जाणारच. एकदा वर गेली की ती खाली येत नाहीत.

आमच्या घरात माझी पुस्तकं किती, ते मी मोजली. बँकेची सवय, आधी शिल्लक काढायची. १,१४८ भरली. त्यात गेल्या वर्षी चारठाण्याहून आमच्या जुन्या घरातली ४१२ आली. एकूण १,५६०. आमच्या सौ. म्हणाल्या, "आता एक तर पुस्तकं राहतील, नाही तर मी." मी विचार करतोय असं दिसल्यावर त्या आणखी चिडल्या.

आता चारठाण्याबद्दल. आपल्यापैकी काहींनी ते पाहिलं असेल. जिंतूर तालुक्यातलं आमचं गाव. यादवकाळातली मंदिरं, कोरीव स्तंभ, बारव, यासाठी दूरदूरचे अभ्यासक तिथे येतात. आमचं घर साधं, माळवदाचं. मधली खोली बऱ्याच वर्षांपासून गळत होती. शेवटी आम्ही भावंडांनी ती उतरवायचं ठरवलं आणि घरातल्या सामानाची वाटणी केली. पितळी घंगाळ कोणाला, तांब्याचा हंडा कोणाला, लाकडी संदूक कोणाला, पाटा-वरवंटा कोणाला, याची व्यवस्थित यादी झाली. वाद अजिबात झाला नाही. सगळं उरकल्यावर लक्षात आलं की भिंतीतल्या फडताळातली पुस्तकं यादीत आलीच नाहीत. ती कोणी मागितली नाहीत आणि कोणी नाकारलीही नाहीत. ती कोणाच्या हिशोबातच नव्हती. आक्का म्हणाली, "तू बँकेत होतास, हे तूच निस्तर."

मंडळी, गावातल्या कोरीव दगडाची काळजी घ्यायला पुरातत्त्व खातं आहे. कागदाची काळजी घरच्यांनाच घ्यावी लागते, आणि घरचे त्याला यादीतसुद्धा धरत नाहीत. हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा नाही. या सभागृहात साठीच्या पुढची जेवढी माणसं आहेत, त्यांच्या प्रत्येक घरात उद्या हेच होणार आहे. त्यावर मी काय केलं ते सांगतो.

बँकेत एक नियम असतो. खातेदाराने दोन वर्षं स्वतःहून काही व्यवहार केला नाही, तर ते खातं निष्क्रिय धरतात. मधल्या काळात बँकेने व्याज जमा केलं, तरी तो खातेदाराचा व्यवहार धरत नाहीत. मी हाच नियम पुस्तकांना लावला. दोन वर्षांत जे पुस्तक उघडलं नाही ते निष्क्रिय. आणि दिवाळीला आपण जी धूळ झटकतो, ती व्याज जमा केल्यासारखी, तो व्यवहार नव्हे! या नियमाने १,५६० पैकी हजाराच्या वर पुस्तकं निष्क्रिय निघाली. जपानी भाषेत न वाचता पुस्तकं रचून ठेवायच्या सवयीला एक शब्दच आहे, 'त्सुंदोकु'. म्हणजे हा आजार फक्त आपलाच नाही, एवढं तरी समाधान.

पण निष्क्रिय म्हणजे टाकाऊ नव्हे. बँकेतही तसं नसतं. दहा वर्षं कोणी विचारलं नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जाते. २०१४ पासून तशी व्यवस्था आहे. तरीही खातेदार किंवा वारस कागद घेऊन आला, तर पैसे परत मिळतात. फक्त कोणाला तरी माहीत असावं लागतं की असं खातं आहे. घरोघरी अडतं ते इथेच. पैसा असतो, पण घरच्यांना ठाऊक नसतं. पुस्तकांचंही अगदी तसंच आहे.

म्हणून मी एक पद्धत ठेवली. निष्क्रिय पुस्तक हातात घ्यायचं, पानं झटकायची, पहिलं पान बघायचं आणि मधली दहा पानं वाचायची. मगच ठरवायचं. या पद्धतीने काम फार हळू चालतं. दिवसाला वीस पुस्तकं झाली तरी खूप. पण विसरलेली पुस्तकं अशीच सापडली. दोन-तीन सांगतो.

पहिलं 'रुचिरा'. कमलाबाई ओगल्यांचं, १९७० साली निघालेलं. आमच्या घरची प्रत स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, जुन्या कुकरच्या खोक्यात होती. तिच्यात माझ्या आईच्या हातचा एक चिठोरा निघाला. त्यावर येसराचं प्रमाण होतं. कोणतं धान्य किती, कितपत भाजायचं, धणे किती, खोबरं किती. आई जाऊन १९ वर्षं झाली. घरात येसराची आमटी होत होती, पण आईसारखी होत नाही अशी तक्रारही दर वेळी होत होती. तक्रारीचं उत्तर डोक्यावर सहा फुटांवर पडून होतं. मी ते पुस्तक सूनबाईंच्या हातात दिलं. त्यांनी चिठोऱ्याचा आधी मोबाईलवर फोटो काढला, मग आमटी केली. आमटीचा निकाल चांगला लागला.

दुसरं चारठाण्याचं. एक उर्दू पुस्तक होतं. घरात कोणाला वाचता येईना. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, १९१८ चा जन्म. निजामाच्या राज्यात शिकले. त्या राज्यात शिक्षणाचं माध्यम उर्दू, आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात १९१८ पासून वरचं शिक्षणही उर्दूतूनच. म्हणजे नाना शाळेत उर्दू, हिशोबाला मोडी आणि घरी मराठी. मी ते पुस्तक आपल्याच सोसायटीतल्या निवृत्त उर्दू शिक्षकांकडे, आपण सगळे ज्यांना चाचा म्हणतो त्यांच्याकडे नेलं. चाचांनी चष्मा लावला, दोन पानं उलटली आणि हसायला लागले. म्हणाले, "अहो साहेब, हे तुमच्याच कामाचं पुस्तक आहे. व्याजाची गणितं आहेत." शाळेचं अंकगणिताचं पुस्तक होतं ते. गणितं उर्दूत आणि समासात नानांनी शाईने उत्तरं लिहिलेली, मराठी आकड्यांत. मी बँकेत लागलो तेव्हा नानांना एवढा आनंद का झाला होता, ते मला त्या दिवशी कळलं.

आणि तिसरी सगळ्यात मोठी गोष्ट. ते पुस्तक नव्हतं, वही होती. लांबट, कापडी पाठीची, मोडीत लिहिलेली. मला वाटलं शेतीचा हिशोब असेल. ब विंगमधली एक मुलगी मोडीचा वर्ग करून आली आहे, तिने ती वाचून दिली. तिला चार रविवार लागले. ती वही म्हणजे पुस्तकं दिल्या-घेतल्याची नोंद होती! नाना शाळामास्तर होते. १९५५ ते १९६३ या काळात त्यांनी घरातली पुस्तकं गावात वाचायला दिली, आणि प्रत्येकाची नोंद ठेवली. तीन रकाने. पुस्तक, नेलं, आणलं. नेणाऱ्यांची पूर्ण नावं फार थोडी. 'सुताराचा धाकटा', 'टपालवाले', 'बारवेजवळची काकू, मुलाच्या हाती', अशा नोंदी. काही ठिकाणी 'आईला वाचून दाखवायला' असंही लिहिलंय.

मी वहीची बेरीज केली. करणारच! सगळ्यात जास्त वेळा गेलेलं पुस्तक 'श्यामची आई'. ३१ वेळा. मग मी फडताळातून आलेल्या ढिगात ती प्रत शोधली. ती रद्दीच्या बाजूला ठेवलेली निघाली, कारण तिला मुखपृष्ठ नाही, शेवटची चार पानं नाहीत आणि कडा तेलकट झालेल्या. शेजारी एक जाड, सोनेरी अक्षरांचं पुस्तक अगदी कोरं करकरीत होतं. वहीत ते एकदाही नव्हतं. दिसायला जे नवं, ते कोणी उघडलेलं नाही. आणि जे फाटकं, ते गावाने वाचलेलं. रद्दीवाल्याच्या काट्यावर दोन्हींचा भाव एकच. पण वही हातात असली की कोणत्या पुस्तकाची उलाढाल काय होती ते कळतं. वही नसती, तर ती प्रत गेली असती आणि कोणाला काही वाटलंही नसतं.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. पुस्तकाची किंमत ओळखणारा माणूस घरात आहे तोवरच ते पुस्तक आहे. तो माणूस गेला आणि माहिती मागे ठेवून गेला नाही, की त्याच पुस्तकाची रद्दी होते. वाळवी, कसर आणि ओल मिळून जेवढी पुस्तकं खात नाहीत, तेवढी हे न सांगणं खातं.

याच वहीत एक नाव पुन्हा पुन्हा आलं, बी. रघुनाथ. परभणीत कोणाला हे नाव माहीत नाही? आपल्या गावात बी. रघुनाथ सभागृह आहे. लग्नाचं, व्याख्यानाचं, नाटकाचं निमंत्रण तिथलं असतं. पण किती जणांनी त्यांचं पुस्तक वाचलंय? हात वर करा. पाहा, मोजून तीन. भगवान रघुनाथ कुलकर्णी, सातोन्याचे. जन्म १९१३, परभणीत सरकारी बांधकाम खात्यात नोकरी केली, आणि १९५३ साली, चाळिशीतच गेले. कविता, कथा, कादंबऱ्या. निजामी राजवटीतल्या मराठवाड्यातली माणसं, इथली गावं त्यांनी लिहिली. चारठाण्याच्या फडताळात त्यांची 'आडगावचे चौधरी' निघाली. कागद पिवळा पडलेला, कोपरा दुमडला तर मोडतो, पण पूर्ण आहे. मी ती तीन दिवसांत वाचली. जिल्ह्याचा एवढा मोठा लेखक आपल्याकडे सभागृहाच्या पाटीवर उरावा आणि पुस्तक बासनात राहावं, हे काही बरं नाही.

यात एक उपयोगाची गोष्ट सांगतो. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याच्या पुस्तकावरचा हक्क संपतो. बी. रघुनाथ १९५३ साली गेले, म्हणजे १ जानेवारी २०१४ पासून त्यांच्या मूळ पुस्तकांवर कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचंही तसंच. असं जुनं पुस्तक घरात असेल तर त्याची पानं स्कॅन करा, नातवाला सांगा, तो मोबाईलवर करून देईल. मूळ प्रत राहते आणि वाचणाऱ्यांना वाचायला मिळतं. फक्त पुस्तकाची पाठ मोडेपर्यंत ते उघडून दाबू नका. त्या काळच्या स्वस्त कागदात आम्ल असतं, तो दरवर्षी आणखी ठिसूळ होतो.

आता प्रत्यक्ष आवरायचं कसं. मी पाच ढीग केले.

पहिला ढीग ठेवायचा. जे मी वाचतो, पुन्हा वाचणार आहे. यात स्वतःला फसवायचं नाही. 'सेवानिवृत्तीनंतर वाचीन' हे वाक्य मी सेवानिवृत्तीनंतर चौदा वर्षांनी बाद केलं.

दुसरा ढीग खुशाल रद्दीत द्यायचा. आपल्याला हे जड जातं. पुस्तकाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो, दसऱ्याला त्याची पूजा करतो, मग त्याला रद्दीत कसं घालायचं? मी सांगतो. बँकेच्या सीएआयआयबी परीक्षेची पुस्तकं मी ४५ वर्षं सांभाळली. त्यातले निम्मे कायदे आता बदललेत. जुन्या आयकर मार्गदर्शिका, मुलाची बारावीची गाइडं, कॉम्प्युटर शिकायची वीस वर्षांपूर्वीची पुस्तकं, वाळवीने पोखरलेले गठ्ठे. यात सरस्वती राहिलेली नाही. उलट ही पुस्तकं कोणाला दान देणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणं.

तिसरा ढीग ज्याचं त्याला द्यायचा. कोणाच्याही कपाटात दुसऱ्याचं नाव असलेली पुस्तकं निघतातच. तिथे फोन करायचा. त्या निमित्ताने जुनी माणसं भेटतात.

चौथा ढीग ग्रंथालयाचा. १९६७ साली आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. गावोगावची बरीचशी लहान ग्रंथालयं खालच्या वर्गातली, त्यांना जागा कमी, कपाटं कमी, माणूस एक. तिथे टेम्पो भरून पुस्तकं नेऊन ओतू नका. आधी यादी करा, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशन वर्ष, अवस्था. यादी दाखवा आणि त्यांना हवी तेवढीच द्या. ज्ञानकोश, विश्वकोश असे मोठे संच द्यायच्या आधी तर विचाराच. मराठी विश्वकोश आता संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंकही बालभारतीने तिथे ठेवलेत. नातवंडांना दाखवा.

पाचवा ढीग दुर्मिळ. जुनं छापील, स्थानिक लेखकाचं, गावच्या इतिहासाचं, हस्तलिखित, मोडी, उर्दू, लग्नपत्रिका, शाळेची स्मरणिका. हा ढीग दिसायला सगळ्यात गबाळा असतो, म्हणून आधी बाहेर जातो. याला हात लावायच्या आधी जाणकाराला दाखवा. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून अशी दफ्तरं बघत. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, पाटांगणला त्यांना ज्ञानेश्वरीची जुनी प्रत मिळाली, ती त्यांनी १९०९ साली छापून प्रसिद्ध केली. ती कोणाच्या तरी घरात जपलेली होती म्हणून मिळाली. आपल्या परभणीतलं गणेश वाचनालय १९०१ सालचं. राज्यकारभाराची भाषा वेगळी होती, त्या काळात अशा वाचनालयांनीच इथली मराठी तगवली. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला तेव्हा लिहिती-वाचती माणसं काही आकाशातून पडली नाहीत. ती या वाचनालयांतून आणि घरोघरच्या फडताळांतून तयार झाली होती.

हिशोब देतो. १,५६० पैकी ३९० ठेवली. ४२५ रद्दीत गेली. ३१० नातेवाईक, मित्र आणि तुमच्यापैकी काहींना दिली. २०५ ग्रंथालयांना यादीने दिली, त्यात मुलांची पुस्तकं चारठाण्यात परत गेली, कारण ती मुळात गावाने वाचलेली. राहिली २३०. ती आज मी तुमच्यासमोर ठेवणार आहे, त्याबद्दल शेवटी सांगतो.

आता नॉमिनेशन. सोसायटीत आपण सगळ्यांनी नामनिर्देशनाचा अर्ज भरलाय. नसेल भरला तर सचिव इथेच बसलेत. बँकेत आम्ही ग्राहकाला समजावून सांगायचो की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, विश्वस्त. त्याच्या हाती सोपवलं जातं ते सांभाळून योग्य माणसापर्यंत पोचवायला. मला वाटतं पुस्तकाला याहून चांगला शब्द नाही. पुस्तकाचा मालक असा कोणी नसतोच. लिहिणारा लिहून जातो, वाचणारा वाचून जातो, मधे सांभाळणारे तेवढे आपण.

म्हणून ठेवलेल्या ३९० पुस्तकांत मी एकेक चिठ्ठी चिकटवली आहे. डिंकाने, आतल्या बाजूला. स्टेपलरची पिन वापरू नका, गंजते. चिठ्ठीवर चार ओळी. हे पुस्तक कुठून आलं. यात काय आहे. मी ते का ठेवलं. आणि माझ्यानंतर कोणाकडे जावं. 'रुचिरा'वर सूनबाईंचं नाव आहे. उर्दू अंकगणितावर चाचांचं नाव घातलं. चाचा म्हणाले, "मी तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे." मग आम्ही दोघांनी मिळून त्यांच्या नातीचं नाव घातलं, ती गणितात पदवी करतेय. 'श्यामची आई'वर माझ्या नातवाचं. तो आठ वर्षांचा आहे आणि इंग्रजी शाळेत जातो. मराठी वाचतो, पण अडखळत. आम्ही रोज रात्री दोन पानं वाचतो. शेवटची चार पानं आमच्या प्रतीत नाहीत, ती दुसऱ्या प्रतीतून झेरॉक्स करून जोडली. काही जण म्हणतील, काका, हे जरा अभद्र वाटतं, जिवंतपणी असलं काही करणं. तर ऐका, आपल्या मागे राहिलेल्यांना त्रास नको म्हणून आपणच आपला पसारा आवरून जाण्याला स्वीडिश लोकांच्या भाषेत खास शब्द आहे, आणि ते ती कामं हसतखेळत करतात. आपण विमा काढतो तेव्हा अभद्र वाटतं का?

चिठ्ठी लिहिताना एक गंमत होते. 'मी हे का ठेवलं' या ओळीला पेन अडलं, की समजायचं, ते पुस्तक चुकीच्या ढिगात आहे. माझी ४० पुस्तकं अशी बाहेर निघाली.

आणि वहीचं काय केलं? मोडी वाचणाऱ्या मुलीने तिचं लिप्यंतर केलं आहे. मूळ वही तिच्याच नावावर केली. आक्काने विचारलं, "घरातलं माणूस नाही, परक्याच्या पोरीला?" मी म्हटलं, "आक्का, घरात ती कोणाला वाचता येत होती?" आक्का गप्प बसली. मग म्हणाली, "लिप्यंतराची एक प्रत मला दे. बारवेजवळची काकू म्हणजे कोण, ते मला माहीत आहे." आता आक्का ८१ वर्षांची आहे. फोनवर रोज एकेक नोंद वाचून दाखवतो, ती माणूस ओळखते, मी समोर लिहून ठेवतो. १४० च्या वर नोंदी झाल्या आहेत. हे काम मी पाच वर्षांनी करायचं म्हटलं असतं, तर करता आलं असतं की नाही कोण जाणे.

शेवटी सोसायटीसाठी तीन सूचना.

पहिली. आपापल्या घरातल्या दहा पुस्तकांपासून सुरुवात करा. सगळा माळा एकदम काढू नका, कंबर जाते आणि उत्साहही. दहा पुस्तकं, दहा चिठ्ठ्या. बाकी नंतर.

दुसरी. उरलेली २३० पुस्तकं मी सोसायटीला देतो. सोसायटीच्या कार्यालयात एक लोखंडी कपाट रिकामं आहे, कार्यकारिणीने ते द्यायचं कबूल केलंय. कपाटाला कुलूप नसावं अशी माझी विनंती आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. पुस्तकांच्या पेट्या एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे फिरत राहतात. साताऱ्याच्या भिलारला २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं, तिथे लोकांच्या घराघरांत पुस्तकं ठेवलीत, कोणीही जाऊन वाचतं. आपण एवढं मोठं काही करायचं नाही. एक कपाट पुरे. ग्रंथालयशास्त्राचे आपले रंगनाथन यांनी १९३१ साली पाच नियम सांगितले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, असा त्यांतल्या दोहोंचा अर्थ आहे. आपल्या चार विंगांत वाचकही आहेत आणि पुस्तकंही. दोघांची गाठ पडत नाही, एवढंच.

तिसरी सूचना मुलांसाठी. दर शनिवारी संध्याकाळी कोणा आजी-आजोबांनी खाली येऊन मुलांना अर्धा तास मोठ्याने वाचून दाखवावं. सुरुवात मी करतो. आजीला वाचून दाखवायला पुस्तक नेणारी मुलं एके काळी चारठाण्यात होती. आता आजीने मुलांना वाचून दाखवायचं, एवढाच फरक.

कपाटाबरोबर एक वही ठेवतोय. लांबट आहे, कापडी पाठीची. मुद्दाम शोधून आणली. तीन रकाने आखले आहेत, पुस्तक, नेलं, आणलं. मी चौथा वाढवलाय, कसं वाटलं. एक ओळ लिहिली तरी चालेल. पेन दोरीने बांधलंय, कारण मी बँकेतला माणूस आहे, पेनाचं काय होतं ते मला माहीत आहे.

१ मार्चपासून कपाट उघडं. 'आडगावचे चौधरी'ची छापून काढलेली प्रत त्यात पहिल्या फळीवर आहे. मघाशी तीनच हात वर झाले होते. पुढच्या २७ फेब्रुवारीला मी पुन्हा विचारणार आहे.

आता मुलांची चुळबुळ वाढलीय, वासही यायला लागलाय. थांबतो.